श्वापदाची खूण आणि याकोबमामांचा अंगठा

गेल्या महिन्यात नगरच्या छापखान्यात निरोप आला, याकोबमामा गेले. हातातलं ओलं पत्रक तसंच टाकून मी शेवगावची एसटी धरली. दफनाच्या वेळी बाहेरून आलेले एक पाळक म्हणाले, मास्तर भोळे भक्त होते. तिथेच उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही. बायबलातलं सर्वांत अवघड पुस्तक, प्रकटीकरण, ज्याने अख्ख्या वस्तीला उलगडून दिलं, तो माणूस भोळा?

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ, गावच्या शाळेत मास्तर. रविवारी आमच्या छोट्या ख्रिस्ती देवळात शब्बाथशाळाही तेच घ्यायचे. प्रकटीकरणात समुद्रातून वर येणारं, माणसांच्या हातावर नाहीतर कपाळावर ज्याची खूण मारली जाते ते सात डोक्यांचं श्वापद ते आम्हाला पाटीवर काढायला लावत. मी त्याला हेडमास्तरांचा चष्मा घातला होता. मामा पाटी उलटीसुलटी करून म्हणाले, “शिंगं दहा पायजेत, तू चारच काढली. पन चष्मा बरोबर हाय.” त्यांची रीत अशी, की चित्राला आधी विचारायचं, तुला कोणी काढलं, कोणासाठी काढलं. हे पुस्तक लिहिणारा योहान बेटावर कैदेत होता, जुलमी राजाचं नाव उघड लिहायची सोय नव्हती, म्हणून त्याने जनावर काढलं... एवढं कळलं की भीती निम्मी जाते, म्हणायचे.

मला मात्र त्यातलं जनावर तेवढं आवडलं. पुढे मी नगरच्या छापखान्यात लागलो, आणि दुष्काळात गावाजवळ खडी फोडायचं सरकारी काम निघालं. मजूर हजेरीला अंगठा उमटवायचे त्या मस्टरात मुकादम खोटी नावं घुसडायचा आणि खऱ्या बायांना उन्हात ताटकळत ठेवायचा. मी पेटलो. पत्रक काढलं, वर ठळक अक्षरांत छापलं: मस्टरावरचा अंगठा हीच श्वापदाची खूण! नगरच्या आमच्या तरुण मंडळात सगळ्यांनी पाठ थोपटली.

आठ दिवसांनी गावी गेलो तर सलोमीआत्या घरीच. शेजारची विधवा, पदरात दोन पोरी, चुलीवर नुसतं पाणी. देवळातल्या आणखी सात-आठ बायांनीही काम सोडलं होतं. “तूच छापलं ना बाबा,” ती म्हणाली. “हातावर ती खूण घेतली की देव सोडतो, पुस्तकात बी तसंच हाय.” मी मुकादमाबद्दल लिहिलं होतं हो... तिने ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि तिला ऐकू आला तो अंगठाच.

मामा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “शांतवन, योहानानं बी पत्रकच लिवलं हुतं. पन त्यानं वाचणाऱ्याला उपाशी न्हाई ठेवलं.” रविवारी त्यांनी प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायावर तासभर सांगितलं: खूण म्हणजे शाई नव्हे, आपण कोणापुढे माथा टेकतो ते. पोटासाठी दगड फोडणारी बाई कोणाची पूजा करत नाही. बायांनी ऐकून घेतलं. शेवटी सलोमीआत्या म्हणाली, “मास्तर, तुमी सही करता. अंगठा आमचा जातो.”

सोमवारी मामांनी शाळेत रजा टाकली, पिशवीत बायबल घातलं आणि काम सोडलेल्या बायांना नुसतं बघायला म्हणून बरोबर घेऊन ते पुढे खडीवर गेले. अख्ख्या तालुक्यात त्यांच्यासारखं मोत्यांचं अक्षर नव्हतं. त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला तसा मुकादम हसला. “काय मास्तर, सही इसरला व्हय?”

“आजच्या दिवस इसरलो. आन त्ये मस्टर जरा इकडं करा, नावं वाचायला अजून येत्यात.”

खोटी नावं त्यांनी तिथेच मोठ्याने वाचली. मग माझ्या मामांनी, साठीला टेकलेल्या माणसाने, दिवसभर खडी फोडली. दुपारी मातीने घासून हात धुतले आणि अंगठा सलोमीआत्यासमोर धरला. तिने तो उलटसुलट पाहिला. म्हणाली, “नखात हाय अजून थोडी.” सगळ्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी ती कामावर होती.

मामांचं बायबल आता माझ्याकडे आलंय. ते आपसूक त्याच तेराव्या अध्यायावर उघडतं. तिथे समासात जांभळा अंगठा उमटलेला आहे, आणि खाली त्या मोत्यांच्या अक्षरात: “शाई. धुतली की जाते.”

हातावरची गेली, मामा. कागदावरची अजून आहे... नवं पत्रक लिहायला घेतलं की मी आधी ते पान उघडून समोर ठेवतो.