कमरेचे टाके

अमेरिकेत ट्रॉय गावी लेकाच्या शेजारी एक गोरा म्हातारा राहायचा. टोपी कायम हातात, डोक्यावर कधीच नाही. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी अंगणात गोधडी शिवत बसायचे, ते पाहून तो एक विजार घेऊन आला. त्याचं बोलणं नातीनं मला मराठीत सांगितलं.

महायुद्धात त्याचे वडील सैनिक होते. जर्मनांची छळछावणी मुक्त केली तेव्हा त्यांनी एका कैद्याला आपली पँट दिली आणि त्याची ही पट्ट्यापट्ट्यांची विजार जपून ठेवली. आता ती विरत चालली होती. मागून अस्तर हवं होतं.

कमरेला कापड आत दुमडून टाके घातले होते, एकाच्या आत एक. पोरांचे कपडे आपण असेच वाढत्या अंगाचे शिवतो आणि दर वर्षी उसवतो.

"पोराची दिसते. आधी हे उसवते," म्हणत मी कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं.

म्हाताऱ्यानं माझं मनगटच धरलं आणि तो घाईघाईनं काही बोलला. मी नातीकडे वळले.

"अगं, काय म्हणतो?"

"आजी, तो कैदी मोठा माणूस होता. बारीक होत गेला, तसतशी टाइट करत गेला."

आतली शेवटची दुमड माझ्या धाकट्या नातवाच्या कमरेच्या मापाची होती.

टाके न हलवता अस्तर लावून दिलं. नातीचा फ्रॉक शिवायला घेतला होता, कमरेत वाढीव कापड दुमडून. तो पुरा केला नाही. सुनेला म्हटलं, विकतचा आण.