गुलाबांना नळाचं, मशीनला बोअरचं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुपवाडच्या आमच्या घरी नळाला गोडं पाणी येतं आणि बोअरला जड. बोअरच्या पाण्यानं माझे गुलाब करपायचे, म्हणून मी गुपचूप नळाचं पाणी बागेकडं वळवलं आणि घरची टाकी बोअरनं भरू लागलो. गुलाब झकास फुलले. नवं वॉशिंग मशीन मात्र बंद पडलं; आतली कॉइल क्षारानं पांढरीफटक झाली होती.

"वडूजच्या पोरीला मशीनचं काय कळतंय? पावडर लय ओतती," बायको सुनेवर करवादली.

"आवं, चमचाभरच घालते मी," सून म्हणाली. मी ऐकत गुलाब छाटत राहिलो.

आता ती पुण्याला असते. फोनवर मी तिकडच्या पाण्याची चौकशी करतो. "सूनबाई, चूक माझी होती," एवढं म्हणणं मात्र अजून जमलेलं नाही.