आवाज बंद झालेलं इंजिन

१. आज सकाळी आजोबांची १९७९ सालची गाडी त्र्यंबक रस्त्याच्या चढावर बंद पडली.
२. ओढून वर्कशॉपला आणली. दोन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन नाही, म्हणजे आत दाबच तयार होत नाही.
३. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, ज्यांवर टेकतात त्या सीट झिजून खोल गेल्या आहेत.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे कारण लगेच कळलं. ही गाडी शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. शिशाचा थर सीटला वाचवायचा. आताच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह आत सरकतो आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटची फट, जिच्यामुळे खडखड वाजतं, ती बुजते; शेवटी व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. म्हणजे इंजिन बिघडत जातं तसा त्याचा खडखडाट कमी होतो.

दसऱ्याला झेंडूचा हार घालताना आजोबा म्हणाले होते, "ऐक, वाजतसुद्धा नाही. म्हातारपणी शहाणी झाली!" आम्ही सगळे हसलो होतो.

हेडमध्ये जागा कोरून कडक धातूच्या सीट बसवणं हा उपाय आहे. पण वर्कशॉपचे काका म्हणाले, "ताई, हे हेड आधी एकदा कापलंय. अजून खोदलं तर पाण्याच्या वाटेला भोक पडू शकतं. तुम्ही म्हणाल तसं करू."

"अगं, मी हळू चालवीन ना," आजोबा म्हणाले.

 त्यांच्या हाताला स्टिअरिंगवरच्या गिअरचीच सवय आहे. या वयात दुसरी गाडी ते शिकणार नाहीत.

फोटो जोडला आहे. या मॉडेलचं न कापलेलं हेड कोणाकडे असेल, तर कृपया गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी मला काकांना उत्तर द्यायचं आहे.