साडूंच्या पिशवीतला कुंदा

लाओसमधल्या एका शांत, देवळांच्या गावात मी भिक्षूंचा भात खाल्ला. मी, बायको आणि साडू उतरलो होतो त्या स्वस्तातल्या घराच्या मालकीणबाईंनी पहाटे तो भिक्षा वाढायला ओसरीत ठेवला होता आणि मी नाश्ता समजून शेंगाचटणीबरोबर टोपली रिकामी केली. बाईंनी हसून पुन्हा भात शिजत घातला, पण साडूंनी ती बातमी बेळगावच्या सगळ्या पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकली आणि दिवसभर मला "काय अण्णा, पोट भरलं न्हवं?" असं विचारत राहिले. मी सूड घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी त्यांच्या पिशवीत बेळगावी कुंद्याचा, त्या खव्याच्या मिठाईचा, डबा दिसला, तो मी गुपचूप उचलला. दुसऱ्या पहाटे साडू आणि मी रस्त्याकडेला चटईवर बसलो. चाफ्याचा वास होता, भगव्या वस्त्रांतली अनवाणी रांग येत होती आणि भिक्षा वाढताना कुणी अक्षरही बोलायचं नाही, अशी तिथली रीत. मी डबा उघडून प्रत्येक पात्रात कुंद्याचा एकेक गोळा ठेवू लागलो. साडू डोळे वटारून जोरजोरात मान हलवत होते. शेवटचा गोळा मी त्यांच्याकडे बघत, अगदी सावकाश सोडला. एवढा गोड सूड मी आयुष्यात घेतला नव्हता. खोलीवर आल्यावर बायको जे बोलली, ते आजही कुंद्याच्या खमंग वासाबरोबर कानात येतं: "डबा माझा होता. भात संपवलासा, निदान कुंदा तरी वाचावा म्हणून दाजींच्या पिशवीत लपवला होता."