तुटक रेघेतला दगड

पुरातत्त्व खात्यातल्या रेखाटनकाराला सगळे ‘ठिपके’ म्हणत. आयुष्यभर त्याने जुने दगड ठिपक्यांत उतरवले. उजेड डावीकडून, वरून. सावली उजवीकडे दाट. उभा दगड सलग रेघेत, आणि आता नसलेला, पण कधीकाळी असावा असा दगड तुटक रेघेत. एकटा उभा तो शिलास्तंभ. उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेली ती शिळाकुटी. मेलेल्यांभोवतीची गोल मांडणी ते शिळावर्तुळ. ही नावं तो घरच्या माणसांसारखी जपायचा.

मग धाकटा भाऊ उडता कॅमेरा घेऊन त्याच खात्यात लागला आणि वर्तुळाला ‘दगडांचं कडं’ म्हणू लागला.

“शिळावर्तुळ म्हण.”

“आत झोपलेत त्यांची काही तक्रार आलीय का दादा?”

विभागप्रमुख बाई खळखळून हसल्या. ठिपकेच्या बोलण्याला त्या कधी हसल्या नव्हत्या. आईही अशीच हसायची, धाकट्याकडे बघून.

वर्तुळापाशी फलक लागायचा होता. त्यावर ठिपकेचं चित्र की धाकट्याचा फोटो, एवढंच ठरायचं होतं. ठिपके फोटोत खोट शोधत बसला. सापडली.

“बाई, पूर्वेकडचा दगड कुठंय ह्याच्या फोटोत? माझ्या चित्रात बघा!” आनंदाने त्याचा आवाज फाटला.

बाई दोघांना जागेवर घेऊन गेल्या. पूर्वेला नुसतं गवत होतं.

ठिपकेने हातातलं चित्र पुन्हा निरखलं. गोलाईवरून अंदाजाने काढलेली पेन्सिलीची तुटक रेघ शाई भरताना हाताच्या सवयीने सलग होऊन गेली होती.

धाकट्याने गवत चाचपलं. मग दादाच्या तोंडाकडे पाहिलं.

“इथे खळगा लागतोय, बाई. दादाने काढला तेव्हा दगड असणार, मागाहून कुणी उचलून नेला. फलकावर दादाचंच चित्र घ्या. माझ्या फोटोत तो आता कुठून येणार?”

बाई पुढे गेल्यावर ठिपकेने गवतात हात घातला. जमीन सपाट होती, टणक. हरलो असतो तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. आता चांगुलपणाही ह्याच्याच वाट्याला.

चित्र ठरलं. वर मथळा मात्र बाईंनी घातला: दगडांचं कडं.

तो दगड पुन्हा तुटक रेघेत काढताना ठिपकेचा कागद सारखा सरकत होता. धाकटा खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

“कागद धरू का, दादा?”

नको म्हणायचं होतं.

“धर,” ठिपके म्हणाला. “पण उजेडातून बाजूला हो.”