बाबांच्या पट्टीत गिटार लावताना

गिटार माझी नव्हती. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी टायपिस्ट होते तिथली माझी मैत्रीण वाकोल्याला राहायची. गिटार तिच्या भावाची. तो जहाजावर नोकरीला. तो समुद्रात गेला की गिटार कपाटावर पडून राही, म्हणून मैत्रिणीने ती मला दिली. "वाजव गं, नाहीतर झुरळं घर करतील त्यात," म्हणाली.

जहाजावर जायच्या आधी तिच्या भावाने मला एक गंमत दाखवली होती. दोन-तीन खुंट्या पिरगाळून त्याने डावा हात अजिबात न लावता मोकळ्या तारांवरून नुसता अंगठा फिरवला. सगळ्या तारा एकमेकींत मिसळून घुमल्या. "नेहमीच्याच सुरात लावायच्या असा काही कायदा नाहीये. तुला हव्या तशा लाव ना," तो म्हणाला.

ते माझ्या डोक्यात बसलं, त्याला कारण बाबा. आमच्या कांदिवलीच्या दोन खोल्यांत गिटारला 'डबो' म्हणायचे ते. मालवणकडचे, गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, मग एका सोसायटीत वॉचमन झाले. पण भजनी मंडळात ते बुवा होते. पेटीवरची पांढरी चार ही त्यांची गायची पट्टी, आणि ती ते कुणासाठीही खाली आणत नसत. पेटीवाले बदलले, पट्टी नाही. मला वाटलं, हा डबा त्यांच्या पट्टीत तंबोऱ्यासारखा लावला तर त्यांना त्यात काहीतरी आपलं ऐकू येईल.

रविवारी जेवणं झाल्यावर बसले. पट्टी गाठायची तर जवळजवळ सगळ्याच तारा वर चढवायला लागत होत्या. जाड तारा चढल्या, पण लाकूड कुरकुरायला लागलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण सूर इतका जवळ आला होता की सोडवेना. शेवटची, सगळ्यात बारीक तार चढवताना तो नीट ऐकू यावा म्हणून मी मान खाली घातली, गाल जवळजवळ गिटारीला टेकवला आणि खुंटी अजून थोडी पिळली.

तुटल्याचा आवाज मी ऐकलाच नाही. कुणीतरी डोळ्यावर चापट मारावी तसं झालं. मग दुखायला लागलं, आणि हात काढून बघते तर उजव्या डोळ्यापुढे कोरा चहा ओतल्यासारखं काहीतरी हलत होतं. समोरची आई त्यात बुडत गेली.

रिक्षात आईने पदराचा बोळा माझ्या डोळ्यावर धरला होता आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दिसतंय ना गं? काहीतरी दिसतंय ना?"

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरीने बघितलं आणि बॅटरी लगेच बाजूला ठेवली नाही, तिथेच माझी वाट लागली. "बाहुलीपुढे रक्त साठलंय," त्या म्हणाल्या. "आपोआप निचरेल. पण तोवर पुन्हा रक्त आलं तर नजर जाऊ शकते. दोन्ही डोळे बांधणार. एक फिरला की दुसराही फिरतो. पडून राहायचं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही."

थोडे दिवस तिथे ठेवून त्यांनी मला घरी पाठवलं, डोळे बांधलेलेच.

आंधळेपणाची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. खरी भीती शिंकेची वाटली. नाकात जरा हुळहुळलं की मी चादर मुठीत धरून श्वास रोखायचे. आईने घरात फोडणी बंद केली. मिरची, मोहरी, काही नाही. सगळं घर पेजेवर आणि उकडलेल्या भाज्यांवर आलं. शेजारच्या घरात मसाला भाजायला घेतला की आई धावत जाऊन दार लावून घ्यायची.

दुसरी भीती कानातून यायची. बायका समाचाराला येत आणि मला डोळ्यांबरोबर कानही नाहीत अशा समजुतीने बोलत. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. "त्यांना कळवलंत?" एकजण म्हणाली. आई म्हणाली, "डोळ्यांची पट्टी सुटू दे आधी." मी निजल्याचं सोंग केलं. ऑफिसात एका डोळ्याच्या टायपिस्टला ठेवतील का, हा हिशेब मी अंधारात कितीदा केला असेल.

एका सकाळी आई म्हणाली, "तो डबा आधी घराबाहेर काढा." बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते. थोड्या वेळाने माझ्या उशाशी स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि गिटारीच्या लाकडाचा एक ठोका.

"बाबा, नको. तिच्या तारा अजून ताणलेल्या आहेत."

"म्हणानच," ते म्हणाले. "अशीच ठेवलंय तर आणखी कोणाच्या तरी डोळ्यात जातली. खयची खुंटी खय फिरवची ता सांग. मी फिरवतंय. तू ऐक."

आई अचानक हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अहो, हे काय? चोरासारखं!" मला दिसत नव्हतं, तिनेच सांगितलं, बाबांनी डोक्याला, तोंडाला पंचा गुंडाळला होता, वर चष्मा लावला होता आणि गिटार हातभर लांब धरली होती.

पहिली खुंटी कुरकुरली तशी मी ओरडले. बाबाही दचकले असावेत, स्टूल हललं. "उलट्या बाजूला!" मी म्हटलं. "सैल करा, सैल!" हळूहळू सूर खाली घसरत आला. एकेक तार उतरली. प्रत्येक खुंटीला मी जबडा घट्ट आवळून पडून होते. पण तारा मूळ जागी आल्या आणि मला थांबवेना. त्या अंधारात मला प्रत्येक तार वेगळी, जवळ, जणू हाताला लागेल अशी ऐकू येत होती.

"बाबा, सर्वांत जाड ती आणखी उतरवा. पुढच्या दोन राहू देत. आता तिन्ही जुळल्या बघा."

त्यांनी छेडल्या. षड्ज, पंचम, वरचा षड्ज. चौथी मी हलवू दिली नाही, ती मध्यमावर होती. पाचवी उतरवून पंचमाला आणली. सहावी नव्हतीच. बाबांनी पाचही तारांवरून बोट फिरवलं. मध्यम त्यात शंकेसारखा राहिला, पण बेसूर नव्हता.

"पण ही माझी पट्टी न्हय," बाबा म्हणाले.

"नाही. पांढरी दोन आहे. तुमच्यापर्यंत चढवली तर तुटेल."

मग घसा खाकरून त्यांनी त्या खालच्या सुरात 'सा' लावला. माझ्या अंदाजाने पंचा अजून तोंडावर असावा, आवाज दबून येत होता. पुन्हा लावला, पंचा काढून. आणि मला रडू आलं, आणि रडण्याने डोळ्याला काय होईल या भीतीने ते लगेच थांबलंही.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोटं धरली. आधी धुकं, मग बोटं, मग त्यांच्या कपाळावरची टिकली. नजर वाचली होती. बाहुली मात्र मोठीच राहिली, आजही आहे. उन्हात डोळा मिटून घ्यावा लागतो. ते स्थळ परत आलं नाही. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, टेबल खिडकीपासून दूर हलवून दिलं तेवढंच.

वाकोल्याच्या मैत्रिणीने नवी तार आणली. ती तार चढवत होती तेव्हा मी गॅलरीत उभी राहिले, घराकडे पाठ करून. तिने ती षड्जाला उतरवून लावली आणि आतून हाक मारली, "ये गं, झालं." तरी मी लगेच आत गेले नाही.

पुढे मंडळाच्या एका भजनाला बाबांनी मला बसवलं. पेटीवाल्याला म्हणाले, "आज पांढरी दोन." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ट्यूबलाइटने माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं. बाबा सुरू करेनात. माझ्याकडे बघत थांबले. मी उजवा डोळा मिटला आणि मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला.