यंत्रातले मिटलेले ओठ

माझ्या मेंदूचं चित्र दोनदा बिघडलं आणि दोन्ही वेळा ते मीच बिघडवलं.

त्या सकाळी चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या घरी पोळ्या लाटताना माझा उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. थोड्या वेळाने मी पूर्ववत झाले. पण डॉक्टरांचा चेहरा गंभीरच राहिला. मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी अरुंद झाली असावी, पुढचा झटका मोठा येऊ शकतो, म्हणाले. माझी मूत्रपिंडं अधू, म्हणून शिरेत औषध टोचून तपासणं नको. आता एमआरआयमध्ये औषधाशिवायही रक्तवाहिन्या दिसतात, फक्त डोकं जराही हलता कामा नये.

मला काय हलायची हौस होती? पण चेहऱ्यावर पिंजरा बसवून आत सरकवलं, ठणाठणा आवाज सुरू झाला आणि मी घाबरले. सवयीने रामनाम सुरू केलं. माझं नाम म्हणजे ओठ हलणार, हनुवटी हलणार, मान ताल धरणार. ‘तुझा राम बहिरा आहे का?’ अशी यांची नेहमीची चेष्टा. काचेपलीकडची मुलगी ओरडली, “अम्मा, तलैये आट्टादींग!” डोकं हलवू नका. दुसऱ्यांदाही तेच. मग मला बाहेर काढून तिने तमिळमध्ये समजावलं की चित्र पुसट येतंय, आता जमलं नाही तर भूल द्यावी लागेल.

नाम सोडायचं? नेमकं आत्ता? मला देवाचा रागच आला. नाम थांबलं की मी संपलेच, असं वाटत होतं. दारातच यांच्यापुढे रडू कोसळलं. यांच्या छातीत पेसमेकर, त्यामुळे त्या चुंबकाच्या खोलीत यांना मज्जाव.

बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्यानंतर होता. आमचं मराठी ऐकून ती उठली. बांगड्या, कुड्या, मंगळसूत्र उतरवून तिने नवऱ्याच्या ओंजळीत ठेवलं. त्या मुलीने तिची नीट तपासणी करून तिला माझ्यासोबत आत सोडलं.

“भिऊं नको गे बाई,” ती म्हणाली. “तूं उगी पड. नाम मी घेतें.”

पुन्हा तो ठणठणाट. तिचं नाम मला ऐकूच येत नव्हतं. फक्त माझ्या घोट्यावर तिचा खरखरीत हात होता. भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? जीव जायची वेळ आली तर तोंडी नाम नसेल, या विचाराने डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. तरी मी ओठ मिटून पडून राहिले.

चित्र स्वच्छ आलं. अरुंद झालेली रक्तवाहिनी सापडली, औषधं सुरू झाली. त्यानंतर हात पुन्हा लुळा पडलेला नाही. ती बाई तेव्हाच बांगड्या चढवून नवऱ्याला धीर द्यायला निघून गेली. तिला कुणी पाठवलं होतं का, मला ठाऊक नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी देवाला घट्ट धरून आहे म्हणून माझं बरं चाललंय. त्या दिवशी मला काहीच धरता आलं नाही, आणि तरीही मला कुणीतरी धरलेलं होतं.